गाळलेली पानं

गाईच्या घशात काहीतरी अडकलंय असंच सगळ्यांना वाटलं. सकाळपासून तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि मान पुढे ताणून ती गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज काढत होती. दिवस बटाटे काढायचे होते. आदल्या संध्याकाळी कापले गेलेले, सडके असे दोन पाट्या बटाटे तिच्यापुढे ओतले होते, त्यातलाच एखादा अडकला असणार असं गाईचा मालक, गवंडी, म्हणाला. हात बारीक कुणाचा, तर बायकोचा. त्यानं दावं आवळून गाईचं मुंडकं पोटाशी धरलं आणि बायकोनं बाही वर सारून कोपरापर्यंत हात घशात घातला.

आत काहीच लागलं नाही. जीभ होती, चटका बसावा इतकी गरम. हात बाहेर ओढताना दाढा घासल्या आणि अंगठ्याजवळची खुरप्याची दोन दिवसांची चीर पुन्हा उघडली. तिनं हात गवताला पुसला, हौदात बुचकळला आणि ती तशीच शेतावर पळाली, कारण बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी गाय मेली. मरायच्या आधी तिनं गोठ्याच्या भिंतीला धडका देऊन शिंग मोडून घेतलं होतं. गवंड्यानं शेजाऱ्यांना घेऊन खड्डा खणला, गाय पुरली आणि तो शाळेच्या भिंतीच्या कामावर गेला. बायको सरीत ओणवी होऊन बटाटे वेचत राहिली. बटाट्याची माती नखांत, पायांच्या भेगांत, दातांत जाते. संध्याकाळी पाठ सरळ करायची म्हणजे आधी गुडघ्यावर एक हात, मग कमरेवर एक हात, मग हूं. दूध गेलं, शेण गेलं, वासरू व्हायचं होतं तेही गेलं, एवढंच दुःख तिला त्या आठवड्यात ठाऊक होतं.

गावात तिला मास्तरीण म्हणत. शिकली होती फक्त चौथीपर्यंत. पण तिची सासू डोळ्यांनी गेलेली, आणि म्हातारीला रोज दुपारी शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक पान ऐकल्याशिवाय चैन पडत नसे. सासरे होते तोवर ते वाचून दाखवत. ते गेल्यावर पुस्तक सुनेकडे आलं. ओळीखाली बोट धरून, शब्द फोडत फोडत ती वाचायची, ते कुंपणापलीकडून चक्कीवालीनं ऐकलं आणि नाव पाडलं. तेव्हापासून सहा वर्षं ती मास्तरीण होती. वाचायची ती कशी, तर तांदूळ निवडावेत तशी. हात चालू, मन तिसरीकडे.

गाईला पुरून सहा दिवस झाले आणि जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला. खालच्या वस्तीवर दोन जनावरं तशीच गेली होती. तो गोठ्यात गेला, भिंतीवरच्या धडकांच्या खुणा पाहिल्या, लाळेचं विचारलं, आवाजाचं विचारलं. मागच्या महिन्यात एखादं पिसाळलेलं कुत्रं इकडून गेलं होतं का, हेही विचारलं. गेलं होतं. मग त्यानं अगदी सहज विचारलं की तोंडात हात कुणी घातला होता का.

चक्कीवाली कुंपणाशी होती, गवंड्याच्या कामावरचे दोघे होते, म्हातारी ओट्यावर होती. ज्यांना दिसत होतं त्या सगळ्यांनी मास्तरणीच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. चीर भरून आली होती, वर गुलाबी कातडी धरली होती. बारकी, तिची पाच वर्षांची पोर, त्याच हाताचं बोट धरून उभी होती. मास्तरणीनं बोट सोडवून घेतलं.

दवाखाना बसनं तासाभरावर होता. तिथल्या सिस्टरनं आधी रागावून घेतलं की त्याच दिवशी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात का नाही धुतला. मग एक सुई त्या चिरेच्या जागी टोचली, इतकी दुखली की तिला बाकाची कड धरावी लागली, आणि एक दंडात. एका कार्डावर पुढच्या चार तारखा लिहून दिल्या. डॉक्टर तरुण होता, मान खाली घालून लिहीत होता. तिनं विचारलं, मी वाचेन का. त्यानं सांगितलं की इंजेक्शनं चांगली आहेत, एकही चुकवू नका, रोग अंगात सुरू झालेला नसेल तर काळजीचं कारण नाही.

त्या सगळ्या बोलण्यातला नेमका ‘नसेल तर’ तेवढा तिच्या पदरात पडला.

सुरू झाला हे कळतं कसं, हे तिनं औषधं देणाऱ्या माणसाला विचारलं. तो बोलका होता. आधी जखम झिणझिणते, ताप येतो, म्हणाला. मग पाणी गिळता येत नाही. तहान लागते, पेला तोंडाशी नेला की घसा आवळतो. वाऱ्याची झुळूकसुद्धा सहन होत नाही. शेवटी माणूस आपल्या माणसांना ओळखत नाही. हे सगळं त्यानं गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता सांगितलं, आणि मग पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत उठायची आणि पहिलं काम म्हणजे माठातून पेलाभर पाणी घेऊन परसात जायची. पेला हातात धरून उभी राहायची. ओठाला लावायचा म्हटलं की छाती धडधडायची. एक घोट, तो गेला. दुसरा घोट, तोही गेला. मग ती भिंतीला टेकायची. आज नाही. पण दिवस मोठा होता, आणि दुपारी पुन्हा तोच पेला, संध्याकाळी पुन्हा. दिवसातून वीस वेळा ती पाणी प्यायची आणि वीस वेळा मरून जिवंत व्हायची. वारा सुटला की गालावर तो कसा लागतो याच्याकडे तिचं ध्यान. हात झिणझिणला की तो बटाटे वेचून झिणझिणला की दुसऱ्या कशानं, हे तिला कळेना.

आपलं ताट तिनं स्वतःच वेगळं केलं. बारकीला आजीच्या अंथरुणात झोपवायला लागली. पोर मिठी मारायला आली की ती हातातलं काम मोठं करायची, टोपली पुढे धरायची, नाहीतर उगाच ओरडायची. चार दिवसांत बारकीनं जवळ यायचं सोडलं.

इतरांना सांगावं लागलं नाही. शेतावर मुकादमबाईनं गोडीगुलाबीनं सांगितलं की तुला विश्रांतीची गरज आहे, बरी झालीस की ये, आणि तिची पाटी दुसरीला दिली. नळावर तिच्या कळशीच्या मागेपुढे दोन हात जागा मोकळी राहायला लागली. चक्कीवालीनं पीठ कुंपणावरून द्यायला सुरुवात केली, तेही टोकाला धरून. रविवारी प्रार्थनाघरात ती शेवटच्या बाकावर बसली, आणि तो बाक हळूहळू रिकामा होत गेला. कुणाला खिडकी हवी होती, कुणाला पंखा. पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, चांगली मनापासून केली, पण नाव घेऊन केली. सगळ्या माना मागे वळल्या. ती पायांकडे बघत राहिली. वहाणेच्या भेगेत अजून बटाट्याची माती होती.

गवंडी मुळातच कमी बोलणारा, विटेवर वीट ठेवावी तसा एकेक शब्द ठेवणारा. पहिल्या इंजेक्शनच्या संध्याकाळी त्यानं आपली वळकटी उचलली आणि बाहेर ओट्यावर टाकली. आत फार उकडतं म्हणाला. उकडत नव्हतं.

वाचन मात्र चालू होतं, कारण म्हातारी सोडणारी नव्हती. दुसरं इंजेक्शन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर म्हातारी नेहमीसारखी दाराच्या चौकटीला टेकून बसली, हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, हं. मास्तरणीनं पुस्तक उघडलं. तिला अक्षरं दिसेनात. ती रडायला लागली आणि रडता रडता सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर पडली.

"आई, मी तुम्हाला फसवत आले. मी पानं गाळते."

म्हातारीनं कान तिच्याकडे केला.

मग तिनं सगळंच सांगितलं. कामाची घाई असली की ती अर्धं पान वाचून पान संपलं म्हणायची. कधी दोन पानं चिकटवून उलटायची. सुगीच्या दिवसांत तर चार ओळी वाचून आमेन. म्हातारीला दिसत नाही, कोण बघतंय. पण बघणारा बघत होता आणि त्यानं हिशेब चुकता केला, तोही नेमका त्याच हातावर, ज्यानं ती पानं उलटायची. गाईचं काहीच नव्हतं, गाय बिचारी मधल्यामध्ये गेली.

म्हातारीनं बराच वेळ तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. दात नव्हते, तिची ती सवय होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू गाळतेस ते. तुझे सासरे चाळीस वर्षं वाचत होते, अर्धंअधिक मला पाठ आहे. कुठं उडी मारलीस ते मला तिथल्या तिथं कळायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा आवाज थकलेला असायचा," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, चार ओळी तर चार ओळी. पोरगी दिवसभर ओणवी असते."

मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली. सहा वर्षं एका आंधळ्या बाईनं तिची लबाडी रोज दुपारी मांडीवर हात ठेवून ऐकून घेतली होती, आणि आमेन म्हटलं होतं. म्हातारी पुढे म्हणाली की देव सुनेच्या हातात रोग घालत बसत नाही, त्याला दुसरी कामं आहेत. आणि आता रडून झालं असेल तर जिथून उडी मारलीस तिथं मागं जा.

तर ती मागं गेली. तिला ठाऊक होतं कुठली पानं गाळली ते. ती स्वच्छ राहिली होती, बाकीच्या पानांना तिच्या बोटाचे डाग पडले होते. येशूच्या गोष्टींमध्ये तर अशी पानं फार, कारण तो भाग नेमका बटाट्याच्या दिवसांत यायचा. कामावर कुणी बोलावत नव्हतं, वेळच वेळ होता. रोज एकेक पान ती वाचू लागली, सगळं, एकही शब्द न सोडता. भीती तशीच होती. वाचता वाचता थांबून ती आवंढा गिळून बघायची, गेला का. गेला. मग पुढचा शब्द.

तिसरं इंजेक्शन होऊन तीनेक दिवस झाले असतील. बाहेर रखरखीत दुपार होती, चक्कीचा पट्टा फटफट वाजत होता. पान एका महारोग्याचं होतं. गोष्ट तिनं लहानपणी कधीतरी ऐकलेली, माणूस बरा झाला एवढीच लक्षात. शब्द फोडत ती निघाली. तो माणूस येतो, येशूपुढं गुडघे टेकतो. तो असं म्हणत नाही की मला बरा कर. म्हणतो, तुझ्या मनात असेल तर तू करू शकशील. इथं तिचं बोट थांबलं, कारण डॉक्टरच्या ‘नसेल तर’मुळं हे ‘असेल तर’ तिच्या ओळखीचं होतं. त्या दोन शब्दांवर ती अकरा दिवस जगत होती.

तिनं पुढं वाचलं. मग पुन्हा मागं येऊन तेच वाचलं. मग तिसऱ्यांदा, मनातल्या मनात.

म्हातारीनं विचारलं, संपलं का.

"नाही," ती म्हणाली. "आई, येशूनं आधी हात लावला."

"हो."

"बरा करायच्या आधी. अंगावर सगळं तसंच असताना. आधी हात लावला, मग बोलला."

"आधीच," म्हातारी म्हणाली. "नुसतं बोलला असता तरी चाललं असतं त्याला."

मास्तरणीनं पुस्तक मांडीवर ठेवलं. अकरा दिवसांत सिस्टरच्या कापसाखेरीज तिच्या अंगाला कुणाचा स्पर्श झाला नव्हता. त्या माणसाला किती वर्षं झाली नसतील. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, अंगठ्याजवळच्या गुलाबी रेघेकडे, आणि तिला एकाएकी असं वाटलं की त्या रेघेवर कुणीतरी हात ठेवलाय. खडबडीत, काम केलेला हात, जरा उबदार. तिनं तो झटकला नाही. घसा दाटून आला, आणि या वेळी दाटलेल्या घशाची तिला भीती वाटली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. चक्की थांबली होती. म्हातारी भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. आपण मरणार असलो तरी आपल्याला कुणी बाजूला ठेवलेलं नाही, हे तिला त्या दुपारी कळलं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून तिनं सांगितलं नाही.

आता सगळं सोपं झालं असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पेला हातात घेतला आणि छाती तशीच धडधडली.

चौथं इंजेक्शन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा अंग तापलं होतं. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत झिणझिणत होता. तिनं पेला घेतला, परसात गेली, घोट घेतला, आणि तो खाली उतरेना. घशात अडकला, ठसका लागला, पाणी नाकातून बाहेर आलं. पेला दगडावर पडून घरंगळत गेला.

ती ओरडली नाही. तिचं डोकं त्या क्षणी विलक्षण स्वच्छ होतं. ती रिकाम्या गोठ्यात गेली, दार ओढून आतून कडी घातली आणि फटीतून नवऱ्याला हाक मारली. तो दाढीचा साबण चेहऱ्यावर तसाच घेऊन आला. तिनं त्याला सांगितलं की सुरू झालंय. बारकीला घेऊन बहिणीकडे जा, आत्ता, अंघोळ नको, काही नको. मला दार उघडायला सांगू नका. मी ओळखणार नाही कुणाला. आणि पोरीला हे बघू देऊ नका.

गवंडी दारासमोर उभा राहिला. एवढी घरं बांधलेला माणूस, पण त्या फळ्यांच्या दाराशी काय करावं हे त्याला समजेना. आतून दात वाजल्याचा आवाज येत होता. गोठ्यात अजून गाईचा वास होता. कोपऱ्यात मोडलेलं शिंग पडलेलं होतं आणि मास्तरीण त्या शिंगाकडे बघत गुडघे छातीशी घेऊन बसली होती. तिला प्रार्थना करायची होती, पण आठवत होता तो फक्त धडकांचा आवाज.

मग काठी वाजली. म्हातारी भिंत चाचपत, ओट्याच्या पायऱ्या उतरून, एकटी आली होती. काखेत पुस्तक होतं. तिनं काठीनं दार ठोठावलं.

"कडी काढ. माझं आजचं पान राहिलंय."

"आई, तुम्ही जा इथून. मी चावेन तुम्हाला."

"चाव," म्हातारी म्हणाली. "चावण्यासारखं काय उरलंय माझ्या अंगावर."

म्हातारी जायला तयार नव्हती. ऊन वाढत होतं आणि ती उघड्या डोक्यानं उभी होती. शेवटी कडी वाजली. म्हातारी आत आली, पायानं गवत चाचपून खाली बसली, सुनेचा उजवा हात शोधून काढला आणि मांडीवर घेतला. दुसऱ्या हातानं पुस्तक पुढे केलं. मास्तरणीनं मान हलवली, म्हणाली मला दिसत नाही, अक्षरं पोहताहेत. म्हातारी म्हणाली, मला तर कधीच दिसत नाहीत, तू वाच.

फळ्यांच्या फटीतून उन्हाची पट्टी पडत होती, त्या पट्टीत तिनं पान धरलं. गाळलेलंच पान होतं. नाव, वादळ, लाटा आत येताहेत, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. ती वाचत होती ते वाचणं नव्हतंच, एकेक अक्षर ती ओढून काढत होती, खडकाळ जमिनीतून बटाटा काढावा तसं. नावेतली माणसं ओरडतात, त्याला हलवून उठवतात. बुडतोय आम्ही, तुला काही वाटतं की नाही. तो उठतो, वाऱ्याला गप्प करतो. मग त्यांना विचारतो, एवढे का घाबरलात.

तिचा आवाज तुटला. ती म्हणाली, तो मलाही तेच विचारेल, आणि माझ्याकडे उत्तर नाही. मी तर अजून घाबरलेलीच आहे.

"नावेतली माणसंही होतीच," म्हातारी म्हणाली. "पण घाबरले म्हणून कुणाला नावेतून उतरवलं असं लिहिलंय का? बघ पुढं."

तिनं पुढं पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. सगळे त्याच नावेतून पलीकडे पोचले होते.

म्हातारीनं सुनेचा तो हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. सुरकुतलेला, मऊ गाल होता. मास्तरणीनं हात ओढायचा प्रयत्न केला, पण म्हातारीची पकड घट्ट होती, आणि हळूहळू तिचं ओढणं थांबलं. दारात गवंडी उभा होता. चेहऱ्यावरचा साबण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तो कोमट पाण्याचा पेला घेऊन आला होता. बायकोजवळ बसून त्यानं पेला तिच्या ओठांशी धरला, एखाद्या आजारी पोराला धरावा तसा. तिनं डोळे मिटून घोट घेतला. दुखलं, काटे टोचावेत तसं दुखलं. पण उतरला. दुसराही उतरला.

"मी उकाड्यानं नव्हतो गेलो बाहेर," गवंडी म्हणाला. "मला भीती वाटत होती तुझी."

ती म्हणाली, मला ठाऊक होतं. पेल्यात उरलेलं पाणी त्यानं तिच्यासमोर तोंड लावून पिऊन टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरनं सगळी हकीकत ऐकली, बॅटरीनं घसा पाहिला. घसा सुजला होता, साधा, सर्दीचा. ताप थोडा घशाचा, थोडा इंजेक्शनचा. झिणझिण्या तर टोचलेल्या दंडाच्या. आणि ज्याला तो रोग होतो तो, म्हणाला, असा तासभर बसून पुस्तक वाचत नाही, बाई. घरी आल्यावर बारकी कुंपणाशी उभी होती, जवळ यावं की नाही अशी. मास्तरीण रस्त्यातच खाली बसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. पोर एकदम आली नाही. आधी तिनं आईचा चेहरा नीट पाहिला, मग आली आणि गळ्यात इतकी घट्ट पडली की मास्तरणीला श्वास घेता येईना.

पाचवं इंजेक्शनही झालं. सिस्टरनं कार्डावर शेवटची खूण केली. मुकादमबाईनं निरोप पाठवला की कांद्याची लागण सुरू होतेय, ये. गवंड्याची वळकटी आत आली. तरी पहाटे कधीकधी ती पेला घेऊन परसात उभी राहायचीच. गेली ती भीती गेली, उरली ती उरली.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी ती पुस्तक उघडून बसते न बसते तोच कुंपणाच्या फाटकाशी चक्कीवाली दिसली. ती आत येत नव्हती. उजव्या हाताला पिठाचं फडकं गुंडाळलेलं, चेहरा त्या पिठासारखाच. म्हातारीला बसायला सांगून मास्तरीण बाहेर गेली. चक्कीवालीनं फाटकाच्या पलीकडूनच सांगितलं. वासरू दोन दिवस खात नव्हतं. नळीनं औषध पाजताना ते चावलं, आत्ताच, घटकाभरापूर्वी. लाळ फार येतेय त्याच्या तोंडातून. इंजेक्शन दुखतं का. कुठली बस. घरात कुणाला सांगितलेलं नाही, सांगितलं तर पोरांना घेऊन जातील.

मास्तरणीनं फाटक उघडलं आणि तिचा हात धरला. चक्कीवाली मागं सरली, म्हणाली लावू नकोस, तुझं आताच कुठं मिटलंय. तिनं ऐकलं नाही. तिला दंडाला धरून नळाशी आणलं, फडकं सोडलं, तोटी पूर्ण उघडली आणि हात पाण्याखाली धरून साबण लावायला लागली. मनगटापर्यंत, बोटांच्या मध्ये, चावलेल्या जागी पुन्हा पुन्हा. पिठाचं आणि साबणाचं पांढरं पाणी दोघींच्या पायांवरून वाहत होतं. मास्तरणीच्या हातून साबण दोनदा निसटला, आणि ते चक्कीवालीच्या लक्षात आलं.

"तुला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"वाटतेय."

"मग सोड की."

मास्तरणीनं पुन्हा साबण घेतला. पंधरा मिनिटं धुवायचं असतं, म्हणाली, अजून पाचही झाली नाहीत. दोनची बस आहे, मी येते बरोबर, आणि घरी काय सांगायचं ते वाटेत बघू.

दाराच्या चौकटीशी बसलेल्या म्हातारीनं हाक मारून विचारलं की कोण आलंय आणि पाणी एवढं का वाहतंय. मास्तरणीनं मान न वळवताच ओरडून सांगितलं, "आई, आज वाचायला संध्याकाळ होईल."

म्हातारीनं कान देऊन पाण्याचा आवाज ऐकला.

"होऊ दे," ती म्हणाली.